एकच्या खाली

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून लिहून ठेवणार. उद्या कोणी म्हटलं की त्रिवेणीबाई तेव्हा गप्प बसल्या होत्या, तर माझ्याकडे तारीखवार कागद पाहिजे. ऑफिसची डायरी दरवर्षी येते आणि मी ती भाचीला देऊन टाकते. यंदाची ठेवून घेतली. खाडाखोड करायची नाही, एवढा एकच नियम.

झालं असं. आमचं ऑफिस जगभरातल्या शास्त्रज्ञांचे पेपर मोजतं आणि कोणता देश कोणत्या विषयात जास्त जीव ओततो ते काढतं. लोकांना वाटतं फार मोठं गणित असेल. काही नाही. भारताचे सगळे पेपर घ्यायचे, त्यातले किती टक्के त्या विषयावर आहेत ते बघायचं. मग सगळ्या जगाचे घ्यायचे, त्यातले किती टक्के ते बघायचं. पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं. एकच्या वर आलं तर तो विषय आपला खास, खाली आलं तर आपलं तिकडे लक्ष नाही. यातलं वर्गीकरण माझं. कोणता पेपर कोणत्या विषयात घालायचा हे बत्तीस वर्षं मी ठरवते, आधी कार्डांवर, आता पडद्यावर. जूनमध्ये रिटायर होणार. दोन वर्षांची मुदतवाढ पक्की आहे असं सगळे म्हणतात.

आज हर्षवर्धननं यंदाच्या अहवालाचा मसुदा वाटला. हर्षवर्धन म्हणजे आमचा प्रमुख. पुण्याचा, अडतीस वर्षांचा, आधी सॉफ्टवेअरमध्ये होता. बोलतो असं की जणू प्रत्येक वाक्य इस्त्री करून आणलंय. चौदाव्या पानावर तांबडी यादी होती. ज्या विषयांत भारत एकच्या खाली घसरला, ते विभाग बंद करावेत अशी शिफारस. तिसऱ्या नंबरला कोरडवाहू पिकांवरच्या किडी. तीन वर्षांपूर्वी आकडा १.६ होता. आता ०.७९.

म्हणजे संशोधन केंद्रातला नीलिमाचा विभाग. म्हणजे अकरा माणसं आणि ते सगळे किडे.

मी तिथल्या तिथे म्हटलं, हे मला पटत नाही. हर्षवर्धन म्हणाला, "ताई, पटण्याचा प्रश्न नाही, आकडा आहे." तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्याकडे रीत आहे की अहवालावर दोन सह्या लागतात, वर्गीकरणाची माझी आणि मोजणीची त्याची. एक जरी नसली तर विभाग ठेवायचे की बंद करायचे ते ठरवणारी समिती अहवाल मंजूर करत नाही. मी मनात म्हटलं, बघतेच आता तुझा आकडा.

डब्यातली कारळाची चटणी त्याला रोज चमचाभर देत असते. आज दिली नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

अर्धी रजा टाकून शहराबाहेर नीलिमाकडे गेले. ही वारंगलची, चाळिशीची, मला अक्का म्हणते. तिचा विभाग मी पेपरांतून पंधरा वर्षं ओळखते, पण आत पहिल्यांदाच पाऊल टाकलं.

ते ज्वारीचा खोडकिडा पाळतात. होय, पाळतात. डाळीचं पीठ आणि वाळल्या पानांची भुकटी शिजवून त्याच्या वड्या करतात, छोट्या कपांत घालतात, त्यावर अळ्या वाढवतात. एकतीस वर्षं पिढीमागून पिढी. दिवाळी असो, संक्रांत असो, कोणीतरी दोघं रोज यायचीच, कारण अळ्यांना सणवार कळत नाहीत. दरवर्षी ज्वारीचे पाच-सहाशे नवे वाण इथे येतात. बाया ब्रशाच्या टोकानं एकेका रोपाच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, मोजून अळ्या सोडतात आणि कोणतं रोप तग धरतं ते बघतात. जे तगतं ते बियाणं पुढे शेतात जातं.

मला पोंगेमर शिकवायला नको. आमचं शेत उदगीरजवळ होतं. लहानपणी सुट्टीत गेलं की ज्वारीतून फिरताना काका पोंगा ओढून दाखवायचे, तो सुटून हातात यायचा, खालून कुजलेला, वास मारणारा. वरून ताट हिरवंगार दिसायचं. तेव्हापासून मी पोंग्याला उगीच हात लावत नाही.

विभाग बंद झाला तर काय होईल, विचारलं. नीलिमा म्हणाली, आठ दिवसांत सगळं मरेल. पुन्हा उभं करायला पाच वर्षं, तेही जमलं तर. मग निघताना तिनं हळूच विचारलं, "अक्का, आमचे पेपर कमी पडले का? यंदा सत्तावीस लिहिलेत आम्ही."

तिला वाटतंय चूक तिची आहे. अकरा माणसं आणि सत्तावीस पेपर, आणि वर ही मान खाली घालून मला विचारते. मी म्हटलं, नक्को घाबरू, मी सही करत नाही. आता शब्द दिलाय. समितीची बैठक पाच मार्चला आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

चार दिवस बसून त्या विषयातला भारताचा पेपर अन् पेपर हातानं मोजला. प्रत्येकाचं पहिलं पान वाचलं. यंत्र नुसती मासिकांची नावं बघतं, मी आतलं बघते. दोनशे शहात्तर भरले. तीन वर्षांपूर्वी दोनशे चाळीस होते. म्हणजे वाढले. वाढले, आणि तरी आकडा निम्म्यावर!

कागद घेऊन तडक हर्षवर्धनच्या खोलीत गेले. म्हटलं, मोजणी चुकली तुमची. तो म्हणाला, मोजणी बरोबर आहे, दोनशे शहात्तरच आहेत. मग आकडा कसा घसरला, विचारलं. त्यानं खिडकीबाहेर बघितलं. कुकटपल्लीच्या ऑफिसातून बाहेर दिसतं काय, मेट्रोचा खांब. म्हणाला, "ताई, तुम्ही अंश मोजलात. छेद बघितलात का?"

बत्तीस वर्षं झाली मला या कामात. हा मला अंश आणि छेद शिकवतो! शाळेतल्या पोरीला विचारावं तसं. मी म्हटलं, बघते, छेदही बघते, आणि ज्यानं कोणी त्यात घोळ घातला असेल त्याला समितीपुढे उभा करते. तो नुसता पेन उघडत आणि मिटत बसला.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. आमचे हे, विकासराव, पंचायत राज खात्यातून रिटायर झाले आणि आता अंबरपेठेतल्या निम्म्या लोकांचे अर्ज लिहून देतात. ह्यांचं आपलं एकच, "बाई, तो काही सांगू बघत असेल." कामून सांगेल तो? सांगायचं असतं तर तोंड होतं ना.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं.

गौरीला बरोबर घेतलं. गौरी म्हणजे आमच्याकडची सव्वीस वर्षांची प्रोग्रामर, आईवडील पुण्याचे, ही जन्मली आणि वाढली कुकटपल्लीत. मराठी बोलते झकास, पण वाचायला दिलं की अक्षरं लावत बसते. मला निरोप पाठवते तो इंग्रजी लिपीत. म्हणाली, "मॅम, इंडियाचं टोटलच बघा ना. एक लाखाचं अडीच लाख झालंय. अंते."

अंते. म्हणजे बस, एवढंच. पोरीनं एका मिनिटात सांगितलं.

तीन वर्षांत भारताचे पेपर एक लाखावरून अडीच लाखांवर गेले. खरे वाढले ते वीस हजार. बाकीचे एक लाख तीस हजार म्हणजे आपल्याकडच्या कॉम्प्युटरच्या परिषदांत वाचलेले पेपर, ते मध्येच कधीतरी संग्रहात घातले गेलेत. फक्त आपले. बाकीच्या देशांच्या तसल्या परिषदा होत्या तशाच बाहेर. आता अडीच लाखांत दोनशे शहात्तर म्हणजे किती ते? पंगतीत एकाच माणसाला भाताचा डोंगर वाढावा आणि मग म्हणावं, हा भाजी खायची सोडून बसलाय!

गौरीनं त्या परिषदा बाजूला काढून पुन्हा गणित केलं. उत्तर आलं १.५५. म्हणजे जिथे होतं तिथेच आहे. नीलिमा कुठेही घसरलेली नाही. तांबड्या यादीतले बाकीचेही तपासले. नऊपैकी सात विषय असेच बुडालेत.

मी गौरीला तिथेच मिठी मारली. मग डोकं सणकलं. कोणी घातल्या या परिषदा? कोणत्या दीडशहाण्यानं? दुसऱ्या देशांच्या न घालता एकट्या भारताच्या घालायच्या, एवढी साधी अक्कल नसावी? गौरीला म्हटलं, नाव काढ, मी त्याला सोडत नाही. तिला सापडेना. जुनं काम असेल, कागदावर असेल म्हणाली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी टेबलावर एक जुनी फाइल होती. कोणी ठेवली कोण जाणे, शिपाई हल्ली कुणाचे कागद कुणाकडेही टाकतात. २०२२ सालची. वरच ते पत्र.

"आपल्या देशातील तरुण संशोधकांचे काम परदेशी मासिकांत येत नाही म्हणून ते मोजलेच जात नाही, हा अन्याय आहे. सोबत ४१२ परिषदांची यादी जोडली असून त्यांचा समावेश तातडीने करावा." खाली सही. त्रिवेणी विकासराव बिरादार.

मीच.

आठवलं सगळं. किती भांडले होते तेव्हा. आधीच्या प्रमुखांनी तीनदा परत पाठवलं, मी चौथ्यांदा नेलं. पेढे वाटले होते मंजूर झाल्यावर. आपल्या पोरांना मोजत कसे नाहीत, बघतेच म्हटलं होतं. दुसऱ्या देशांच्या परिषदांचं डोक्यातच आलं नाही. मला आपले मोजून हवे होते, बाकीच्यांचं मला काय?

आज काही काम झालं नाही. डबाही तसाच परत आणला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

शनिवार-रविवार घरात कोणाशी धड बोलले नाही. ह्यांनी दोनदा चहा करून दिला, विचारलं काही नाही. तिसऱ्यांदा मीच सांगितलं. म्हणाले, आता काय करणार? म्हटलं, काय करणार म्हणजे? लिहून देणार. अळ्या माझी मुदतवाढ खाऊन जगणार असतील तर जगू दे.

आज टिपण लिहिलं. दोन पानं. आकडा कसा घसरला, कशामुळे घसरला, दोन्ही गणितं शेजारी शेजारी. शेवटी स्वच्छ लिहिलं, ही यादी मी दिली, इतर देशांचा विचार मी केला नाही, चूक माझी आहे. समितीकडे जाणाऱ्या टिपणावरही दोन सह्या लागतात. माझी केली आणि हर्षवर्धनपुढे नेऊन ठेवलं.

त्यानं दोनदा वाचलं. मग म्हणाला, "ताई, तुमचं नाव काढू या. 'तांत्रिक कारण' म्हणू. मुदतवाढीचे कागद याच समितीकडे आहेत."

बघा कसा आहे! झाकायचं नुसतं. तांत्रिक कारण म्हटलं की कोणीही विचारत नाही आणि अहवाल आहे तसा पुढे सरकतो, मला काय कळत नाही? म्हटलं, एक अक्षर काढायचं नाही. नाव काढलं तर कोण विश्वास ठेवेल की गडबड झाली म्हणून? ज्यानं केली तोच सांगतोय म्हटल्यावर ऐकावं लागतं. तो मग "ठेवा इथे" म्हणाला, आणि मी दाराशी पोचेपर्यंत टिपण त्याच्या टेबलाच्या खणात गेलं होतं. खण मिटल्याचा आवाज ऐकला मी.

गेलं बासनात. घाबरट माणूस.

२० फेब्रुवारी, गुरुवार

टिपणाचं काय झालं, विचारलं. "वेळेवर जाईल," म्हणाला. वेळ कोणती ती सांगत नाही.

वरून दोन साहेब आले होते. बंद दारामागे हर्षवर्धनशी तासभर बोलले. बाहेर पडले तेव्हा त्यांचे चेहरे आंबट होते आणि त्याचा पांढराफटक. काय कबूल करून बसला असेल देवाला ठाऊक. मला बघितल्यावर विचारतो, "ताई, चटणी आणली नाहीत का आज?" मी म्हटलं, कारळं संपली. डबाभर आहेत घरात.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

उपास. साबुदाणा भिजत घातला आणि ओट्यापाशी उभी राहून भाषण पाठ केलं. ह्यांना समितीचे अध्यक्ष केलं आणि खुर्चीवर बसवलं. ह्यांनी मध्येच रताळं मागितलं.

नीलिमाचा फोन आला. तिच्याकडच्या दोन बाया दुसरीकडे काम शोधतायत. तिनं त्यांना थांबा म्हटलं नाही, कशाच्या जोरावर म्हणणार? मी म्हटलं, माझ्या जोरावर म्हण. फोन ठेवल्यावर मनात आलं, माझा जोर म्हणजे काय, एक सही. तीही न केलेली.

खरं सांगायचं तर भीती वाटते. पंचावन्न-साठ वर्षं नाक वर करून जगले, आता बारा माणसांसमोर सांगायचं की मी ढ होते. नारायणगुड्याच्या शाळेत एकदा गणित चुकलं म्हणून बाईंनी फळ्याशी उभं केलं होतं, तेव्हा रडले नव्हते. तेव्हाही उत्तर बरोबर येईपर्यंत जागेवर गेले नव्हते.

१ मार्च, शनिवार

अहवालावर सह्या करायचा शेवटचा दिवस. हर्षवर्धननं बोलावलं. कागद पुढे सरकवला, पेन दिलं. त्याची सही आधीच असेल असं वाटलं होतं, पण ती जागा कोरीच होती. मी आधी करावी आणि अंगावर घ्यावं, असा बेत असणार.

म्हटलं, "माझी सही मिळणार नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही, जूनपर्यंत नाही."

"ठीक आहे, ताई," म्हणाला, आणि चक्क हसला. माझी थट्टा करतो! मी म्हटलं, हसा. पाचला मी स्वतः समितीपुढे येणार आहे, बोलावणं नसलं तरी. म्हणाला, अकराला या, साडेदहाला चहापाणी चालतं त्यांचं, तेव्हा कोणी ऐकत नाही. जसं काही मला मदतच करतोय.

५ मार्च, बुधवार

नीट लिहायला पाहिजे, सगळं आठवतंय तोवर.

अकराला गेले. चांगली नारायणपेठ नेसून गेले. दाराशी कोणी अडवलं नाही, उलट माझ्यासाठी खुर्ची होती, गौरीनं ठेवली असेल. अध्यक्ष अप्पाराव गारू, इकडे मानानं गारू म्हणतात, सत्तरीचे, कमी बोलणारे. त्यांनी विचारलं, तुमची सही का नाही?

मी इंग्रजीत तयारी केली होती. तोंडातून तेलुगू आलं. "तप्पु नादे, सर." चूक माझीच आहे. मग सगळं सांगितलं. चारशे बारा परिषदा, एक लाख तीस हजार पेपर, दोनशे चाळीसचे दोनशे शहात्तर. एक साहेब म्हणाले, हे सगळं तोंडी आहे, याचा कागद कुठे? मी हर्षवर्धनकडे असं बघितलं की तो भस्म व्हायला पाहिजे होता. तेवढ्यात अप्पाराव गारूंनी समोरची फाइल उघडली आणि माझं टिपण वर काढलं. फाइलीत होतं! गौरीचंच काम. पोरीनं खणातून काढून लावलं असणार. तिच्याकडे बघून डोळे मिचकावले, ती गोंधळल्यासारखी बघत राहिली. नाटकी आहे.

दुसरे साहेब म्हणाले, मग सोपं आहे, त्या परिषदा काढून टाका. आणि इथे माझं डोकं पुन्हा सटकलं. म्हटलं, काढायच्या नाहीत. त्या पोरांचं कामही कामच आहे, मी काही खोटं मागितलं नव्हतं. चुकलं एवढंच की एकट्या आपल्याच घातल्या. बाकीच्या देशांच्याही घाला. आणि ते होईपर्यंत दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा. एकाला मोजायचं म्हणून दुसऱ्याला मारायचं, हे कोणत्या गणितात बसतं?

मग हर्षवर्धन उठला आणि म्हणाला, मोजणी विभागाचं मत हेच आहे. वारा फिरल्यावर सगळेच उठतात.

तांबड्या यादीतले ते बुडालेले सातही विषय काढले. नीलिमाचा विभाग राहिला. ज्या साहेबांनी कागद मागितला होता त्यांनी शेवटी मुदतवाढीचा विषय काढला आणि तो अर्ध्या मिनिटात संपला. चूक कबूल केलेल्या व्यक्तीला मुदतवाढ देणं योग्य दिसत नाही, वगैरे. मी म्हटलं, बरं. जूनला जाते. बाहेर आल्यावर जिन्यात पायरीवर बसले. गौरीनं पाणी आणलं.

नीलिमाला फोन केला. ती म्हणाली, "अक्का, म्हणजे आमचे पेपर कमी पडले नव्हते." मी म्हटलं, नव्हते गं. मग मी पायरीवर बसून रडले, रमजानच्या हलीमच्या भट्ट्या लागल्या होत्या खाली रस्त्यावर, त्या धुरानं असं सगळ्यांना सांगितलं.

१२ मार्च, बुधवार

छापील अहवाल आला. दोन आकडे शेजारी शेजारी आहेत. मागे माझं टिपण आहे तसं जोडलंय, सह्यांसकट.

दुसरी बातमी, हर्षवर्धनला इथून पुण्याला हलवलं. उद्या शेवटचा दिवस. वरच्या साहेबांशी वाजलं म्हणतात. मी म्हटलं, चांगलं झालं, पुण्यात आकडे इस्त्री करत बसेल.

घरी आणून अहवाल ह्यांना दाखवला. दाखवताना टिपणावर नजर गेली. त्याच्या सहीखाली तारीख १७ फेब्रुवारी. म्हटलं, बघा, एवढा हुशार माणूस, तारीख नीट टाकता येत नाही. सही केली असेल बैठकीच्या आदल्या दिवशी, टाकली सतरा.

ह्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "तारीख बरोबर आहे, त्रिवेणी."

म्हटलं, तुम्हाला काय माहीत? खणात टाकलं होतं त्यानं, मी आवाज ऐकलाय. वाद नको म्हणून ही डायरी काढली, सतरा तारखेचं पान ह्यांच्यापुढे वाचायला. वाचलं. मग वीस तारखेचं वाचलं, एक मार्चचं वाचलं. चौदाचंही वाचलं, ती फाइल आपोआप टेबलावर आली होती ते. आणि दहाचं. हे उठून स्वयंपाकघरात गेले आणि डब्यातली कारळं काढून कढई गॅसवर ठेवली.

मेल्यानं सांगायचं नाही? एक शब्द? "ताई, मी सही केलीय," एवढं म्हणायला काय जात होतं? मग लक्षात आलं. मला कळलं असतं की तो बरोबर आहे, तर मी सांभाळून बोलले असते. त्याची बाजू राखायला गेले असते. साहेबांनी विचारलं असतं, दोघांचं आधीच ठरलं होतं का, आणि मला खोटं बोलता येत नाही हे अख्ख्या ऑफिसला माहीत आहे.

मागचं काही खोडणार नाही. घाबरट लिहिलंय, इस्त्री लिहिलंय, भस्म लिहिलंय, राहू दे सगळं. चूक माझी आहे तर ती माझ्या अक्षरात राहील.

उद्या तो साडेनऊला येतो. मी नऊला जाऊन त्याच्या दाराशी उभी राहणार आहे. आधी त्याला अशी झापणार आहे की पुण्यापर्यंत ऐकू जाईल. मग चटणीची बाटली देणार आहे, मोठी.

कारळं भाजून झाली. आता कुटायला घेते.